तगारे सरांची पायरी

“पण हिच्यावरून मी पडणार नाही, हे कशावरून?”

समोरच्या सायकलीकडं बघत तगारे सरांनी तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळी उत्तर मिळालं नव्हतं, म्हणून या वेळी आवाज जरा चढला होता.

बाबालाल उस्ताद चेनला तेल घालत होते. एका कडीला एक थेंब. मग पुढची कडी.

वेळंबीच्या घाटमाथ्यावर, एसटीच्या थांब्यामागं त्यांचं पत्र्याचं दुकान. पन्नास वर्षं सायकलीच केल्या. आधी दूधवाल्यांच्या, मग शाळेतल्या पोरींच्या, आणि आता पुण्यामुंबईच्या लोकांच्या या नव्या, बॅटरीच्या, डोंगरात हिंडायच्या. त्यांच्या हाताखाली शिकून गेलेले साताऱ्यापासून महाडपर्यंत दुकानं चालवतात आणि उस्तादांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावतात. ते फार कमी बोलतात, एवढीच काय ती लोकांची तक्रार.

तगारे सर वाईच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. स्प्रिंगा आणि आंदोलनं या प्रकरणात आपला हात धरणारं जिल्ह्यात कोणी नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं. गेले अकरा महिने मात्र त्यांनी एकच प्रकरण वाचलं. पुढं आणि मागं दोन्हीकडं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारे शॉक असलेली, मोटरची, डोंगरातली सायकल. आयुष्यातली स्वतःची पहिलीच, आणि खिशाला झेपेल अशी.

खिसा बेताचाच होता. आकडा घरात बसून ठरला होता आणि तो हलणार नव्हता. म्हणजे चूक झाली तर दुसरी सायकल नाही. या विचारानं सरांना गेले काही आठवडे नीट जेवण जात नव्हतं.

अभ्यासाचा कागद त्यांनी बरोबर आणला होता. त्यावर शेवटी तीन सायकली उरल्या होत्या.

“पहिली नवी आहे,” सर म्हणाले. “पुढं शॉक, मागं शॉक, मोठी बॅटरी, सगळं बजेटात. घरपोच येते.”

“मागच्या शॉकचं सील फाटलं तर?”

“कंपनी देईल ना.”

“लावून बगितला फोन कंपनीला?”

लावला होता. चार दिवस लावला होता. कोणी उचललाच नव्हता.

“दुसरी?”

“दुसरी चांगल्या कंपनीची. मोटर उत्तम, ब्रेक उत्तम. पण शॉक फक्त पुढं. मागं नुसता दांडा.”

“मग घ्या की.”

“मागं शॉक नव्हता म्हणून तर मी गेल्या वर्षी…”

उस्तादांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“आन् तिसरी?”

“ही.”

तिसरी त्या दोघांच्या मधेच उभी होती. काळी, चार वर्षं वापरलेली. खालच्या गावातल्या पर्यटकांच्या एका कॅम्पवाल्यानं धंदा बंद केला, तेव्हा विकायला म्हणून ती उस्तादांकडं ठेवली होती. सरांच्या कागदावर तिच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं होतं : जुनी, बॅटरीची शंका. खरं सांगायचं तर ते तिला बघायला आले होते ते खोडून टाकण्यासाठी. मग दोनच उरल्या असत्या.

“बॅटरी अजून दोन-तीन वर्सं काडंल,” उस्ताद म्हणाले. “मी उगडून बगितलीय. संध्याकाळी साताऱ्याचा एक मानूस येनार हाय हिच्यासाठी.”

सरांचा हात सायकलीच्या हँडलवर गेला. नको असलेली सायकल दुसरा कोणी नेणार म्हटल्यावर हात का जावा, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

“एवढी घाई कशाची हाय तुमाला?” उस्तादांनी विचारलं.

“घाई मला नाही. मुलीला आहे… ऋचाला. जूनमध्ये ती शिकायला डेहराडूनला चालली. त्याआधी एकदा माझ्याबरोबर पठारावरून खाली उतरायचं म्हणते.”

“एकदाच?”

“एकदाच.”

आता एप्रिल संपत आला होता. दर रविवारी ऋचा एकटी उतरायची आणि सर खाली डांबरी रस्त्याला गाडी घेऊन उभे असायचे. ती घामाघूम होऊन यायची, सायकल गाडीवर चढवायची, पाणी प्यायची. काही बोलायची नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं सरांना दर रविवारी वाटायचं.

“पडला कुटं तुमी?”

“पठारावरच, गेल्या वर्षी, भाड्याच्या साध्या सायकलीवरून. उतारावर मधेच दगडाची पायरी आली. पुढचा ब्रेक दाबला गेला आणि… खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं आता. पण उतार दिसला की बोटं गार पडतात.”

“केवढी पायरी?”

सरांनी उजवा हात कमरेशी आडवा धरला.

“एवढी.”

मग तो हात आणखी चार बोटं वर सरकला.

“एवढी तरी असेलच.”

उस्तादांनी त्या हाताकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

पडले तेव्हा ऋचा मागोमाग होती. दवाखान्यात ती म्हणाली होती, “छोटी तर होती, बाबा.” त्यावर सर तिच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. ही गोष्ट त्यांनी उस्तादांना सांगितली नाही.

उस्ताद उठले. भिंतीवरचा छोटा पंप काढून त्यांनी मागच्या शॉकला लावला.

“वजन किती?”

“अठ्ठ्याहत्तर.”

तेवढं वजन पेलेल एवढी हवा शॉकमध्ये भरून झाली. मग उस्तादांनी शॉकच्या चकचकीत दांडीवर बोट ठेवलं. तिथं रबराची एक बारीक काळी रिंग होती.

“धक्का बसला की शॉक दबतो, रिंग खाली सरकती. शॉक परत वर येतो. रिंग येत न्हाई. तितंच ऱ्हाती.”

“म्हणजे कमाल संकोचनाची नोंद,” सर म्हणाले. “साधं तत्त्व आहे.”

“आसंल. बसा.”

सर बसले. उस्तादांनी वाकून पाहिलं. रिंग गव्हाच्या दाण्याएवढी सरकली होती.

“पाय,” उस्ताद म्हणाले.

सरांनी खाली पाहिलं. डाव्या पायाचा चवडा जमिनीवर टेकलेला होता. तो कधी टेकला, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तो उचलला आणि झटकन भिंतीचा पत्रा धरला.

“हात.”

“तोल जाईल.”

“मी धरलंय हँडल.”

सरांनी पत्रा सोडला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं सगळं वजन एका सायकलवर आलं. छाती धडधडत होती, आणि ती समोरच्या म्हाताऱ्याला ऐकू जात असणार या कल्पनेनं जास्तच धडधडू लागली.

उस्तादांनी पुन्हा वाकून पाहिलं.

“हे अठ्ठ्याहत्तर न्हाई.”

सरांनी शर्ट ओढून पोटावरून सरळ केला.

“सर…”

“गेल्या वर्षीचं होतं ते.”

“गेल्या वर्सीचा मानूस येनार हाय का चालवायला?”

“सत्त्याऐंशी,” सर पुटपुटले.

उस्तादांनी आणखी हवा भरली. पुन्हा बसवलं, पुन्हा पाहिलं, आणि या वेळी मान डोलावली. मग अंगठ्यानं रिंग वर ढकलून दांडीच्या वरच्या टोकाला नेऊन बसवली.

“मागनं पायवाट जाती, वड्यापातुर. मदे एक पायरी हाय. तिच्यावर पुडचा ब्रेक दाबायचा न्हाई. बाकी काय बी करा. येताना डांबरीनं या.”

“पायरी? उस्ताद, मी आज नुसती बघायला…”

उस्ताद पुन्हा चेनकडं वळले होते.

सर निघाले. हेल्मेटचा पट्टा त्यांनी दोनदा ओढून पाहिला. दुकानामागून वाट सुरू झाली ती एकदम खाली, करवंदीच्या जाळ्यांमधून. बोटं गार पडली. हिला नाही म्हणायला काहीतरी कारण सापडावं म्हणून त्यांनी मोटरचा आवाज ऐकला, ब्रेकचा आवाज ऐकला. कारण सापडलं नाही.

आता पायरी येईल.

पहिलं वळण गेलं. पायरी नव्हती. दुसऱ्या वळणाआधी त्यांनी मान ताणून पुढं पाहिलं. कमरेएवढा दगड लांबूनही दिसायला हवा. दिसला की उतरायचं, सायकल हातात धरून खाली न्यायची, उस्तादांना काय कळणार आहे? तिसऱ्या वळणावर घाम डोळ्यांत गेला, पण पुसायला हात सोडायची छाती झाली नाही. त्यांची नजर सारखी पुढच्या वळणावर होती. चाकाखाली काय जात होतं, याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. आता येईल, या वळणाला येईल…

ओढा आला.

पाण्यात एक म्हैस बसली होती. तिनं सरांकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

सर थांबले. सुटलो, असं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग रागही आला. म्हाताऱ्यानं आपल्याला पोरासोरासारखं सोप्या वाटेनं पाठवलं होतं. पायरीची नुसती भीती घातली होती. डांबरी रस्त्यानं घाट चढताना मोटर मुकाट ओढत होती आणि सर मनातल्या मनात उस्तादांना सुनावायची वाक्यं जुळवत होते.

“पायरी नव्हती,” दुकानात शिरता शिरता ते म्हणाले.

उस्ताद शॉकपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी बोट दाखवलं.

रिंग खाली होती. पार खाली, शेवटाला जवळजवळ चिकटलेली.

सरांनी वाकून रिंगला बोट लावून पाहिलं.

“एखादा खड्डा लागला असेल…”

“त्या वाटंला खड्डा न्हाई.”

“म्हणजे?”

“चालत जाऊन या.”

सर चालत गेले. दुसरं वळण ओलांडल्यावर करवंदीच्या सावलीत त्यांना ती दिसली. वाट तिथं तुटली होती आणि काळ्या दगडाचा सरळ काठ उघडा पडला होता. चाकाची खूण त्या काठापर्यंत येत होती. मग नाहीशी होत होती. हातभर पुढं, खालच्या धुळीत, ती पुन्हा सुरू होत होती, सरळच्या सरळ ओढ्याकडं.

सर काठावरच बसले. आपण इथून उतरलो, आणि आपल्याला पत्ता नाही. घाबरायला जितकं घाबरायचं तितकं घाबरलो, पण नेमकं जिथं घाबरायचं तिथं आपलं लक्षच नव्हतं. त्यांना हसू यायला लागलं, आणि ते रडण्याच्या फार जवळचं होतं.

मग त्यांनी अंगठा खालच्या धुळीवर टेकला आणि पंजा ताणला. करंगळी काठाला लागली. त्यांनी पुन्हा मोजलं. शिकवणारा माणूस एका मोजणीवर विश्वास ठेवत नाही.

परत आले तेव्हा स्टुलावर दोन पेले चहा होता. एकावर बशी झाकलेली होती.

“वीतभर आहे,” सर म्हणाले.

उस्तादांनी चहाचा घोट घेतला.

“मला कळलंच नाही, उस्ताद. मी पुढंच बघत होतो. मोठी येईल, मोठी येईल म्हणून…”

खाली घाटात कुठल्याशा गाडीचा हॉर्न वाजला. सरांनी दचकून रस्त्याकडं पाहिलं.

“साताऱ्याचा माणूस?”

“आसंल.”

सरांनी घाईघाईनं खिशातून कागद काढला. तीन नावं, तीन रकाने, लाल शाई. त्यावरून त्यांनी एकदा नजर फिरवली, पण अक्षरं काही डोक्यात शिरेनात. जून डोळ्यांपुढं येत होता. डांबरी रस्त्याला गाडीपाशी उभा असलेला आपण, आणि पाणी पिणारी ऋचा.

“उस्ताद, एकच सांगा. ही घेऊ का मी?”

हॉर्न पुन्हा वाजला, आता वरच्या वळणावर.

उस्तादांनी झाकलेल्या पेल्यावरची बशी काढली आणि तो पेला सरांच्या डाव्या हातात दिला. उजव्या हातातला कागद त्यांनी हळूच काढून घेतला. तो हात आता मोकळा होता.

“घ्याल, न्हाईतर न घ्याल,” ते म्हणाले. “आदी मला हातानं परत एकदा दावा, सर… पठारावरची ती पायरी केवढी होती?”