राजवर्धनच्या बारशाच्या घुगऱ्या

खूप वर्षांमागे, उंदीर अजून रानातच राहत होते तेव्हाची ही गोष्ट. शेपटराव उंदरांनी बिळात वर्षाची ज्वारी भरली आणि दाराशी राखणीला खेकडा बसवला. परवलीचा शब्द सांगेल त्यालाच त्याने आत सोडायचं होतं. शब्द होता 'राजवर्धन', म्हणजे शेपटरावांच्या लाडक्या लेकाचं नाव.

"अहो, काहीतरी आडवंतिडवं ठेवा," बायको म्हणाली.

"आणि मग ते आठवायचं कोणी?" असं म्हणून शेपटराव फिरायला गेले. परतले तेव्हा घूस मिशा पुसत बाहेर पडत होती आणि कोठारात नुसती फोलपटं उरली होती.

"तुला शब्द कोणी सांगितला?"

"तुम्हीच की, भाऊजी. राजवर्धनच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. सगळ्या रानाला आवतण होतं."

पुढच्या सुगीला शेपटरावांनी पुन्हा ज्वारी भरली आणि या वेळी चांगला आठवडाभर विचार करून शब्द बदलला. नवा शब्द होता 'राजवर्धन एक'.

"आता बसू दे तिला डोकं फोडत," ते बायकोला म्हणाले.

घुशीला दहापर्यंत मोजता येत होतं. पण एकाच्या पुढे जायची वेळच आली नाही.