शेठनी काढलेली मापं

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही असं सर्जेरावकाकांनी बजावलंय, पण मला राहवत नाही.

काका पैलवान. कंबर बत्तीस, मांड्या मात्र खांबासारख्या. सोमवारी खेळाच्या सामानाच्या शोरूममध्ये रुजू व्हायचं होतं आणि तिथे निळी जीन्स सक्तीची. कराडच्या दुकानात बत्तीसची जीन्स गुडघ्यावर अडली. अडतीसची चढली, पण कमरेत पोतं झाली.

गल्ल्यावरचे शेठ म्हणाले, “पैलवान, खोट जीन्समध्ये नाही, तुमच्या मांडीत आहे. लेंगाच घाला!”

सगळं दुकान हसलं. काकांना वाटलं, नोकरी नको, पण इथून निघावं.

गिऱ्हाइकांत उभ्या असलेल्या, ब्लाउज शिवणाऱ्या शेवंताकाकूंनी पिशवीतून टेप काढून शेठपुढे धरला. “शेठ, मघापासून पैलवानांची मापं नुसत्या तोंडानं काढताय. एकदा टेपनं काढा की!”

आता दुकान शेठना हसलं. शेठनी मांडी मोजली आणि मांडीत ऐसपैस, खाली निमुळती अशी चौतीसची जीन्स शोधून आणली.

“कंबर मी दाबून देते,” काकू म्हणाल्या.

काकांनी आरशासमोर खुशीत बैठक मारली. एक टाका उसवला नाही. ते बघून एक ढेरपोटे मास्तर पुढे सरकले. “शेठ, आता माझंही माप काढा, पण टेपनंच!”

तेव्हा शेठनी टेप गळ्यात अडकवला आणि काकूंना म्हणाले, “हा टेप इथंच राहू दे, आता तोंडानं मापं—” थांबा, आई हाक मारतेय. आले गं आई!