उतरलेला सूर

वाद्यं आपसांत गप्पा मारायची, त्या काळी एका गायनशाळेत नुकतंच मिसरूड फुटलेला एक तबला होता. ऐन मैफलीच्या दिवशी त्याचा सूर उतरला.

"गुरुजींना सांग की!" शेजारचा डग्गा म्हणाला.

"नको रे! हातोडी निघाली की सगळे म्हणतील, हा बिघडलाय. मग मला वाजवणार कोण?" तबला गवसणीत दडून बसला.

तेवढ्यात भरल्या सभेत तंबोरेआजोबा बिनधास्त म्हणाले, "गुरुजी, माझी तार उतरलीय." गुरुजींनी खुंटी पिळली. कुणीच हसलं नाही.

तबल्याने डोकं बाहेर काढलं. "आजोबा, तुमचीसुद्धा?"

"रोज उतरते, बाळा. म्हणून रोज सांगतो."

"गुरुजी, माझाही सूर उतरलाय," तबला धीर करून म्हणाला. हातोडीचे चार ठोके बसले आणि तो खणखणीत बोलू लागला.

मग डग्गा हळूच म्हणाला, "गुरुजी, जरा माझंही बघता का?"