बगळ्याने पास केलेला पूल

माणसाची कुऱ्हाड अजून रानात पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ओढा ओलांडताना दरवर्षी कुणी ना कुणी वाहून जाई. शेवटी सिंहाने हुकूम काढला, "लंगडा असो की म्हातारा, प्रत्येकाला सुखरूप पलीकडे जाता येईल असा पूल बांधा."

माकडांनी वेलींचा पूल बांधून वर चिखल लिंपला. बगळ्याने तो तपासला आणि 'पूल मजबूत आहे' असा दाखला चोचीने झाडाच्या सालीवर कोरून दिला.

उद्घाटनाला सगळं रान जमलं. पहिला मान पायाने अधू असलेल्या हरिणीचा. ती पाऊल टाकणार, तोच म्हातारं कासव आडवं आलं.

"थांब गं बाई. चिखल अजून ओला आहे. बगळेरावांनी पूल तपासला म्हणतात, मग त्यांच्या पायाचा एक तरी ठसा दाखव मला."

ठसा कुठेच नव्हता.

"मी वरून उडत पाहिला," बगळा फणकारला. "वरून जास्त स्पष्ट दिसतं!"

"ह्या कासवाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," माकडं ओरडली. "चांगल्या कामात नेहमी मोडता घालतं. जा गं हरिणी, तू बिनधास्त जा!"

हरिणीने खाली पाहिलं. पुलाखालच्या लव्हाळ्यात बगळ्याचंच घरटं होतं. सगळे वर भांडत असताना बगळी एकेक पिल्लू चोचीत धरून गुपचूप दुसरीकडे हलवत होती.

हरिणीने उचललेला पाय मागे घेतला.