बिरंचीची दाढ

"…पण सर, या माणसांच्या जिवावर दवाखाना चालतो का, एवढंच सांगा."

विचारणारा डॉ. पुष्कर माळवदे, दवाखान्यातला हाताखालचा तरुण डॉक्टर. समोर डॉ. दस्तगीर मुजावर, वय एकाहत्तर, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या गल्लीत अडतीस वर्षं लोकांचे दात बघणारे. सर थकले होते. दवाखाना पुष्करच्या हाती द्यायचं त्यांच्या मनात होतं. पण पुष्करला पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्याचं बोलावणं आलं होतं, आणि हो की नाही ते आज सातपर्यंत कळवायचं होतं.

सर खुर्चीकडे बघत होते.

"ओडिशाची, बिहारची माणसं. आज इथं, उद्या तिथं. दहा वर्षांनी मी कुठं असेन?"

"आत्ता खुर्चीत कोण आहे?"

खुर्चीत बिरंची नायक होता. मागावरचा कामगार, गाव ओडिशातल्या गंजामकडचं, वय तिशीच्या आत. गाल हातात धरून त्याचं दुपारपासून एकच चाललं होतं, "निकाल दीजिए, डाक्टरबाबू."

"बघा ना," पुष्कर करवादला. "चांगली दाढ आहे. रूट कॅनाल करू म्हटलं, दर आठवड्याला एकदा असं तीनदा ये म्हटलं. मान हलवतो आणि पुन्हा तेच. पालथ्या घड्यावर पाणी."

आता पोरगा हुशार, यात वाद नाही. कॉलेजात पहिला आलेला. पण पहिल्या येणाऱ्यांची एक खोड असते बघा, समोरच्याला काही कळत नाही हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

"त्याला काय काय विचारलंस?"

"सगळं. कधीपासून दुखतंय, साखर, रक्तदाब, तंबाखू."

"आणि?"

"आणखी काय विचारायचं असतं?"

सर खुर्चीपाशी गेले. "बिरंची, गाडी कब की है?"

"परसों की, बाबा. बहन का ब्याह है, फिर धान की कटाई. चार महीने बाद लौटेंगे."

पुष्करचे कान तापले. म्हणजे अर्धी पोखरलेली दाढ घेऊन हा माणूस दोन दिवस गाडीत बसला असता, आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरातच राहिली असती. त्याला लाज वाटली. लाज वाटली म्हणून रागही आला.

"मग काढूनच टाकतो." त्याने चिमटा उचलला.

सरांनी चिमट्यावर हात ठेवला.

"आता काय झालं? तो स्वतःच काढा म्हणतोय."

सरांचा हात तिथून हलेना.

"वाचवतो म्हटलं तर चूक, काढतो म्हटलं तरी चूक. मी करू तरी काय?"

"बस," सर म्हणाले. "आणि उठू नकोस."

तेव्हा कुठं पुष्करच्या ध्यानात आलं. सूज नव्हती, पू नव्हता. तीन खेपांचं काम एका बैठकीत होण्यासारखं होतं, फक्त पाठीचा काटा ढिला होणार होता. त्याने घड्याळ पाहिलं. साडेचार.

तो बसला.

सहा वाजता टेबलावरचा फोन थरथरला. पुण्याचाच होता. पुष्करचे दोन्ही हात बिरंचीच्या तोंडात, कपाळावर घाम, आणि सुई मुळाच्या टोकाशी. त्याने सरांकडे पाहिलं. सर दिवा धरून उभे होते, दाढेवरची नजर त्यांनी काढली नाही. फोन थरथरत राहिला… मग थांबला. पुष्करचा हात स्थिर राहिला.

साडेसहाला काम संपलं. दाढ वाचली होती.

"चार महीने बाद आना," तो बिरंचीला म्हणाला. "ऊपर कैप बिठाएँगे. भूलना मत, नहीं तो टूट जाएगी."

बिरंचीने बधिर गाल चाचपला आणि थेट त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"हम तो आएँगे, डाक्टरबाबू. आप रहिएगा?"

पुष्करने घड्याळ पाहिलं. पुण्याला कळवायला अजून अर्धा तास होता. सर बेसिनपाशी हात धूत होते.

"सर… काय सांगू याला?"

सरांनी नळ बंद केला.

"तो नऊ वर्षं परत येतोय. तुझ्याआधीचे तिघे डॉक्टर गेले, ते आले नाहीत."