आजोबांची शिळा

धारोजीराजांच्या न्हाणीघरातली शिळा मधोमध तडकली. अंघोळीचं पाणी भेगेतून झिरपायचं. भोवतालची फरशी उखडली, भिंतीतला चुना सुटला आणि खालच्या कोठारातल्या ज्वारीला मोड आले. राणीसाहेबांनी नवी शिळा बसवायचा हट्ट धरला. राजा मात्र हटवादी. ही शिळा त्याच्या आजोबांनी घडवून घेतलेली. तो म्हणाला, "गळती थांबली पाहिजे. पण आजोबांची शिळा न्हाणीघराबाहेर जाणार नाही आणि दुसरा दगड आत येणार नाही."

एका गवंड्याने भेग चुन्याने बुजवली, ती तिसऱ्या दिवशी उकलली. दुसऱ्याने शिळा उलटी करून पाहिली, पण भेग आरपार गेलेली. मग राजाने म्हाताऱ्या येसू पाथरवटाला बोलावलं आणि आठ दिवसांत काम झालं नाही तर गाव सोडायचं, असं बजावलं. येसूने घरी येऊन छिन्न्या बांधायला घेतल्या.

त्याची लेक राही बापाच्याच हाताखाली दगड घडवायला शिकलेली. ती म्हणाली, "बाबा, गाव सोडायच्या आधी मला ते न्हाणीघर तरी बघू द्या."

दुसऱ्या दिवशी तिने तिथली फरशी ठोकून पाहिली. भिंतही ठोकली. शिळेसमोरच्या भिंतीत, अंगावरचं पाणी उडतं तिथे, शिळेएवढीच काळी लादी उभी बसवलेली होती. मागचा चुना ओल लागून भुसभुशीत झाला होता, पण लादी घंटेसारखी खणखणली. राहीला हसूच आलं. पक्क्या सांध्यांसाठी तिने बापाला चुना, गूळ आणि हिरडा भिजत घालायला सांगितलं.

आठव्या दिवशी राजा अंघोळीला आला. पायाखाली अखंड दगड, भोवती घट्ट फरशी, मोरीकडे नेमका उतार. त्याने दोन घंगाळं पाणी ओतायला लावलं. खाली कोठारात थेंबही पडला नाही.

राजा दाराशी उभ्या राहीवर कडाडला, "हा दगड आजोबांचा नाही. बाहेरून आणलास?"

"नाही महाराज. तो इथल्याच भिंतीतला."

"मग आजोबांची शिळा कुठे आहे?"

राहीने समोर बोट केलं. शिळेचे दोन्ही तुकडे भिंतीत शेजारी शेजारी उभे होते, भेगेत चुना भरलेला. उभ्या दगडावर पाणी साचत नाही, त्यामुळे आता भेगेची धास्ती नव्हती.

"बाहेर काही गेलं नाही, आत दगड आला नाही," राही म्हणाली. "आणि महाराज, रागावू नका. इतकी वर्षं रोज सकाळी तुम्ही आजोबांच्या शिळेवर पाय देत होता. आता ती डोळ्यांसमोर आहे."

राजा इतका हसला की दाराआडच्या राणीसाहेबांनाही हसू आवरेना. त्याने राहीच्या हातात सोन्याचं कडं घातलं आणि येसूला सांगितलं, "म्हातारबा, तुम्ही आता घरी आराम करा. आजपासून गडाची पाथरवटी तुमच्या लेकीकडे."