वराहशेठचा बांध आणि शिकाऊ रेवा

एका जंगलात एक कॉलेज होतं. कॉलेज म्हणजे जांभळाखालची मोकळी जागा आणि वर पाटी. पण पाटीवरचा पडदा खुद्द सिंहमहाराजांनी ओढलेला, त्यामुळे भिंतींची चौकशी कुणी केली नाही.

तिथे बांध घालायला शिकवत. कॉलेजचा करार ओढ्यावरच्या ठेकेदाराशी, वराहशेठांशी. शिकाऊ जनावरांनी शेठच्या बांधावर वर्षभर अर्धपोटी राबायचं. मग परीक्षा, मग पक्की नोकरी आणि पोटभर जेवण.

रेवा पाणमांजरीच्या घरी तीन पिल्लं, म्हणून ती जीव तोडून शिकली. तिच्या बांधातून थेंब गळेना. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्राचार्य सायाळसरांनी तिला बोलावलं.

"अभिनंदन, रेवाबाई! आपला 'बांधकाम' कोर्स आजपासून 'जलसंधारण' झाला."

"आणि माझी परीक्षा?"

"जलसंधारणाची द्या ना. आणखी एक वर्ष भरलं की."

"अहो सर, ओढा तोच, चिखल तोच, शेठसुद्धा तेच!"

"उद्योगाच्या गरजा बदलतात, बाई."

शेजारच्या ओढ्यात लोळणाऱ्या वराहशेठांनी चिखलातूनच मान डोलावली. त्यांची गरज काही बदललेली नव्हती. कुणाला पक्कं करावं लागू नये, एवढीच ती होती.

पुढच्या वर्षी कोर्स 'नीरकौशल्य' झाला, त्यानंतर 'महाप्रवाह उत्कर्ष'. दरवेळी हारतुरे, दरवेळी रेवा पहिल्या बाकावर. होता होता पिल्लं मोठी झाली आणि आईच्याच वर्गात येऊन बसली. एका घरातले चौघे कामाला! महाराजांनी डरकाळी फोडली, "रोजगार चौपट!" चौघंही अर्धपोटी होती, पण डरकाळीत तेवढं मावलं नाही.

निवडणूक आली. भरसभेत रेवा उठली.

"महाराज, मागच्या निवडणुकीत तुम्ही पक्क्या नोकरीचा शब्द दिला होता. मला पक्कं करा."

प्रधान कोल्होबा घसा खाकरत पुढे झाले.

"ताई, शब्द महाराजांनी दिला होता. ते पद आज सकाळीच रद्द झालं. हे 'वनपालक' आहेत. आजच रुजू झाले."

सिंहाने लाजून आयाळ सावरली.

"म्हणजे हेही शिकाऊच?" रेवा म्हणाली. "मग यांनाही ठेवा की अर्धपोटी!"

सगळे हसले. कोल्होबा सर्वांत मोठ्याने हसले आणि मग मतदानाचे शिक्के वाटले.

आम्हीही विचार केला, बिचारा नवीन आहे, शिकेल हळूहळू. दिली आणखी पाच वर्षं.